वरच्या गावाची साक्ष

जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर अर्झुला टॉलिव्हर बसली होती आणि खाली क्रेन नुसतीच घरघरत होती. कोर्टाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला तो लोखंडी जिना आज उतरवायचा होता. क्रेनवाल्याने हाका मारून पाहिल्या. अर्झुलाने पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या आणि सोलून खाऊ लागली. शेवटी मिस ड्रूसिलाला बोलावणं गेलं.

मिस ड्रूसिला म्हणजे आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इतिहास मंडळाची अध्यक्ष. जुन्या घराच्या खांबाला कुणी चुकीचा पांढरा रंग दिला तरी हिचं डोकं फिरतं. हिचे आजोबा, न्यायाधीश ब्रॅसवेल, याच कोर्टात बसायचे. मान खाली घालून साक्षीदाराचा शब्द न् शब्द स्वतः लिहून घ्यायचे म्हणे. दर वसंतात गावातली जुनी घरं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ती हे सांगते, आणि सांगताना न चुकता डोळे पुसते.

"अर्झुला, ऊठ बघू! काय मांडलंयस हे?"

"बसा, मिस ड्रूसिला. शेंगा घ्या."

अर्झुलाची आई एकेकाळी ड्रूसिलाच्या घरी धुणं धुवायची. तेव्हापासून एकीने नुसतं 'अर्झुला' म्हणायचं आणि दुसरीने 'मिस ड्रूसिला'. दोघी ऐंशीच्या घरात आल्या, केस पिकले, पण ती खोड काही गेली नाही.

"अगं, कोर्टाला आम्ही मूळ रूप देतोय. हा जिना न् आतला वरचा सज्जा मागाहून ठोकलेला, काळ्या लोकांना वेगळं बसवायला. तुमचाच अपमान पुसतोय ना आम्ही?"

"अपमान आमचा आणि पुसणार तुम्ही! आधी विचारायची रीत नाही वाटतं तुमच्यात?"

खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. अर्झुलाच्या थोरल्या भावावर, होझियावर, कोठार जाळल्याचा आळ आला होता. याच कोर्टात त्याला सक्तमजुरी झाली आणि तुरुंगातच तो वारला. त्या दिवशी लहानगी अर्झुला आईला बिलगून सज्ज्यात बसली होती. भाऊ जीव तोडून बोलत असताना न्यायाधीश काय करत होते, ते तिने वरून पाहिलं होतं. भावाच्या नावावरचा कलंक धुऊन निघावा म्हणून त्याच साक्षीच्या जोरावर तिने अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. काउंटीचा वकील म्हणतो, न्यायाधीशाच्या मेजापुढे छातीभर उंच नक्षीदार फळी आहे, तिच्यामागचं हिला दिसेलच कसं? आता सज्जाच गेला, तर तिथून दिसत होतं हे अर्झुला दाखवणार कुठून? डोंबल!

"तो अर्ज मागे घे, अर्झुला. माझे आजोबा लिहीतच होते. आत्ता आतूनच आले मी. आपला सुतार कर्टिस त्याच मेजाशी बसून मापं लिहितोय. मान खाली, इकडेतिकडे बघणं नाही. मला तर आजोबाच दिसले!"

"मग एकदा वरूनही बघा की. कधी चढलात हा जिना?"

ड्रूसिला कधीच चढली नव्हती. तिला कशाला चढावं लागतंय!

"चढले तर उतरशील?"

"बघून आल्यावर म्हणालात 'उतर', तर उतरते. देवाशपथ."

कठड्याला धरून, मध्येमध्ये दम खात ती चढली. अर्झुलाने सरकून वाट दिली. वर अरुंद दार, आत पाठ नसलेली बाकं. ड्रूसिला पुढच्या बाकावर टेकली, तिने खाली पाहिलं आणि किंचाळलीच.

"कर्टिस! अरे मेल्या, आजोबांच्या मेजावर कोंबडीची तंगडी? तुला मापं घ्यायला ठेवलंय की चरायला? आणि ते तेलकट हात पुसू नकोस तिथे, सगळं दिसतंय मला!"

आवाज कोर्टभर घुमला. कर्टिस तंगडी तशीच हातात धरून आ वासून वर बघत राहिला.

अर्झुला दारात येऊन उभी राहिली. हातातलं टरफल तिने पिशवीत टाकलं.

"मी काही बोलले का?"

ड्रूसिलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी हट्ट सुटेना. "आजोबा लिहीतच होते. सगळा गाव सांगतो."

"खालचा गाव सांगतो, मिस ड्रूसिला. वरच्या गावाला अजून कुणी विचारलंच नाही."

ड्रूसिलाने वाकून पुन्हा एकदा त्या मेजाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काय करत होते?"

"मासे धरायच्या गळाला पिसं बांधत होते, माशाला किडा वाटावा म्हणून. होझिया सांगत होता, साहेब, मी त्या रात्री चर्चमध्ये होतो. तेव्हा लाल पीस बांधणं चाललं होतं. मग दोरा दातांनी तोडायला त्यांनी मान वर केली. माझ्या भावाला वाटलं, साहेबांनी ऐकलं. वेड्याने त्यांचे आभार मानले हो!"

ड्रूसिलाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आजोबांचे गळ आहेत, लाल पिसांचे. त्यांनी ते बसून केले कधी, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

खाली क्रेनचं इंजिन मोठं झालं. "मॅडम, उठली ना म्हातारी? करू सुरू?"

ड्रूसिला उठून दारात आली.

"बंद कर ते!" ती ओरडली. "मिस अर्झुला बोलतायत. मला ऐकू येत नाहीये."