ओवाळणीतला तिसरा भाग

भाऊबीजेचे ओवाळून झाले. छायाताईने निरांजन बाजूला सरकवले आणि सचिनने तबकात कॉम्प्युटरच्या खेळाची सीडी ठेवली. चपटी डबी, तिच्यावर ताणून बसवलेला चकचकीत प्लास्टिकचा कागद. तो कागद आदल्या दुपारी, घरात कुणी नसताना, सचिननेच मेणबत्तीच्या धगीवर धरून पुन्हा चिकटवला होता.

"फोडली नाई ना रे तू?" ताईने विचारले.

"नाई."

ताईने डबी दोन्ही हातांत घेतली. ही ओवाळणी तिने लग्न होऊन पुलगावला निघतानाच मागून ठेवली होती. "मले साडीगिडी नको. कंदीलवाल्याचा तिसरा भाग निंगाला की आणजो. अन् माह्याशिवाय लावू नको." खेळाचे मूळ इंग्रजी नाव तळेगावच्या त्या घरात कुणी घेत नसे. त्यात हाती कंदील घेऊन गावोगाव फिरणारा एक म्हातारा होता. तो लोकांची गाऱ्हाणी ऐके, कोडी सोडवी, आणि एखादे दार उघडले की पुढच्या गावाला लागे. बाणांची बटणे ताईकडे असत. ती त्याला चालवी. उत्तरे सचिन निवडी; तो त्याला बोलता करी. पहिले दोन भाग भावंडांनी एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून असेच संपवले होते.

प्रेमदास भाऊजी चिवड्याची बशी घेऊन मागे येऊन बसले. कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर धूर दिसला, मग जळके छप्पर, मग एक तरुण, रुंद खांद्यांचा माणूस.

"हा कोन?" ताई म्हणाली. "कंदील कुठी गेला? याच्या हाती बंदूक काऊन?"

"बुढा रिटायर झाला वाट्टे," भाऊजी म्हणाले. "त्याच्या जागी नातू लागला. तोबी मिलिट्रीत."

ताई हसली नाही. तिने सवयीने बाणांवर बोटे ठेवली आणि त्या माणसाला एका दाराकडे चालवत नेले. दारात कुणीतरी उभे होते. ती थांबली, सचिनकडे पाहिले. आता बोलायची पाळी त्याची होती. तेवढ्यात दारातल्याने गोळी झाडली आणि पडदा लाल झाला.

"बोलाचं नाई का कोनाशी?"

"पुढं असन," सचिन म्हणाला. पुढे काहीही नव्हते, हे त्याला ठाऊक होते.

दसऱ्याच्या सुमारास आर्वीच्या दुकानातून ही सीडी आणली, तेव्हा नुसती चालते का पाहावी म्हणून त्याने लावली होती. पहिल्या दिवशी त्याला खरोखर रडू आले. दुसऱ्या दिवशी आले नाही. पुढे तर तो खेळाच्या ओढीने ताटावरून अर्धवट उठू लागला.

ताईचा माणूस पुन्हा मेला. तिने बोटे उचलली. "याले दोन्ही हात एकाचेच लागते. तूच घे." आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

रोज या वेळी जाणारी लाइट आज सणाची म्हणून टिकून होती. सचिनने मनोमन लाइट जाण्याची वाट पाहिली. ती गेली नाही. मग त्याने ठरवले, हरायचे. दोन-चार वेळा मरायचे, खेळाला शिव्या घालायच्या आणि बंद करून टाकायचा. त्या शिव्यांत ताई सामील होईल, आणि सगळे पूर्वीसारखे होईल.

पण हातांना ते ठाऊक नव्हते. गोठ्याच्या भिंतीमागून अजून कुणी निघालेही नव्हते, तोच त्याचे मनगट वळले आणि गोळी सुटली. जो बाहेर आला, तो पडतच बाहेर आला. मग विहिरीपाशी तेच झाले. मग माडीच्या खिडकीत.

"वा रे पठ्ठे!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "पह्यल्यांदा खेळून राह्यला, अन् एक गोळी वाया नाई! आमच्या पुलगावच्या मिलिट्री डेपोत भरती कराले पाह्यजे याले."

सचिनने मान वळवली. ताई पडद्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या बोटांकडे पाहत होती.

"त्याचा हात पह्यलेपासूनच चलाख हाये," ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली.

सचिनची कानशिले तापली. लहानपणी त्याने घरात काही फोडले की आईसमोर त्याला पाठीशी घालताना ती याच आवाजात बोलत असे.

आतून आईने जावयाला पानावर बोलावले. भाऊजी हात झटकत उठले आणि आत गेले. खोलीत दोघेच उरले. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.

"अखरीले काय होते रे?" ताईने विचारले. स्वर साधाच होता. शेजारच्या गावाला जाऊन आलेल्या माणसाला तिथले पाऊसपाणी विचारावे तसा.

'मले काय मालूम' हे शब्द सचिनच्या जिभेवर तयार होते. ते त्याने गिळले.

"सारे मरते," तो म्हणाला. "एकटाच उरते तो."

ताईने मान हलवली आणि ती आत वाढायला निघून गेली.

सचिन हात मांडीवर ठेवून बसून राहिला. कुणीच बटण दाबत नव्हते, म्हणून पडद्यावरचा माणूसही थांबला होता. बंदूक छातीशी धरून तो जागच्या जागी श्वास घेत होता, खांदे वर, खांदे खाली, आणि त्याच्या चारही बाजूंना गाव निजल्यासारखे पडून होते.