बॅटरीला ऊब

नोव्हेंबरात इंग्रिड मिनेसोटातल्या माहेरी आली. गॅरेजमध्ये तिचा भाऊ लायल मोटरसायकल हिवाळ्यासाठी आवरून ठेवत होता. ऑइल बदललेलं, टाकी काठोकाठ भरलेली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरमध्ये बोळा कोंबलेला. तो चाकाच्या तारा टूथब्रशनं घासत होता. “बाबा कुठेत?” “आत असतील, झोपलेले.” तिनं बाबांच्या खोलीचं दार उघडलं. बाबा मुतानं भिजलेल्या चादरीत कुडकुडत होते. पाठीवरच्या जखमेला कापड चिकटलं होतं. तिनं पाणी तापवून त्यांना पुसलं, कोरडे कपडे घातले. तेवढ्यात लायल मोटरसायकलची बॅटरी छातीशी धरून आत आला. “बाहेर गारठ्यानं मरेल ही,” म्हणत त्यानं खोलीतला बंद हीटर लावला. इंग्रिडनं बाबांना उचलून आपल्या मोटारीत बसवलं. मोटार निघाली तसा लायल धावला, मोटरसायकलवर धूळ उडेल म्हणून गॅरेजचं दार लावायला.