तिसऱ्या दिवशीची धून

"पोलीस अजून आहेत?" माउएनाबाईंनी विचारलं.

"आहेत. दोघं झोपलेत, चौघं जांभया देताहेत," खिडकीपाशी उभा असलेला त्यांचा नवरा सेलोम म्हणाला. हातातल्या फडक्याने तो आपल्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या पुसत होता. सरकारी रेडिओत तीस वर्षं तबकड्यांची खोली सांभाळून निवृत्त झालेला माणूस. देशात काहीही होवो, त्याचं धूळ पुसणं चुकायचं नाही.

अध्यक्ष वारले त्याला आज तिसरा दिवस. घटनेप्रमाणे त्यांच्या जागी संसदेच्या सभापतींनी, म्हणजे माउएनाबाईंनी बसायचं. फक्त तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत सरन्यायाधीशांसमोर शपथ घ्यायची. नाही घेतली, तर मंत्रिमंडळ निवडेल तो अध्यक्ष. आणि मंत्रिमंडळ कुणाला निवडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गृहमंत्री आकाक्पो, अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. त्यानेच बाईंच्या 'सुरक्षेसाठी' फाटकावर पोलीस बसवले होते आणि फोनही तोडला होता.

"एनामची आई, मी पाव घेऊन येतो," सेलोम म्हणाला.

"अहो, इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला पाव सुचतोय?"

"उपाशीपोटी देश चालवणार आहेस का?"

कापडी पिशवी बगलेत मारून तो निघाला. फाटकावर थांबून त्याने हवालदाराच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी केली. हवालदाराने हसून वाट दिली. त्याला हुकूम होता तो बाईंना अडवायचा, पावाला निघालेल्या म्हाताऱ्याला नव्हे.

आठ वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या रेडिओवरची शोकगीतं मध्येच थांबली आणि ती धून लागली.

ढोल, बिगूल, झांजा. अकरा वर्षांत ती कुणी ऐकली नव्हती, पण विसरलं कोण होतं? या देशात लष्कराने तीनदा सत्ता घेतली होती आणि तिन्ही वेळा बातमीच्या आधी हीच धून वाजली होती. ती ऐकली की काय करायचं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. समोरच्या शिंप्याने दुकानाच्या फळ्या लावल्या. कोपऱ्यावरच्या बाईने अर्धी तळलेली केळी कढईतच सोडली आणि पोरं आत ओढली.

धून दोनदा वाजली. मग रेडिओ गप्प झाला.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, तर तिथे चिटपाखरू नव्हतं. सहाच्या सहा पोलीस पसार, एकाची टोपी तेवढी गटारात पडलेली. न्यायाधीशांकडे जायला वाट मोकळी होती, पण जाऊन उपयोग काय? लष्कर आलं की घटना आधी कपाटात जाते. तीस वर्षांचं राजकारण असं बँडबाजात बुडालेलं पाहून त्यांना रडू आलं.

नऊ वाजता सेलोम परतला आणि त्याने पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"एवढा वेळ?"

"रांग होती."

"धून ऐकलीत?"

"ऐकली. बिगूल जरा खरखरत होते." तो खुर्चीत टेकला. "आकाक्पो पडावात बसून खाडीपलीकडे पळाला. घाटावरच्या कोळणी सांगतात, बायकोचा झगा घालून गेला. खातेस काही?"

"घास उतरणार नाही घशाखाली."

"मग तो निळा पोशाख तरी घाल. जीप येईल."

"मला पकडायला?"

"पकडायला येवो की न्यायला येवो, माणसाने नीटनेटकं असावं."

साडेदहाला जीप खरंच आली. बाईंनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि ताठ मानेने दार उघडलं. दारात सेनापती जनरल अमेनू उभे होते. एकटेच. गणवेशाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"चला जनरल, कुठल्या तुरुंगात नेताय?" बाई म्हणाल्या.

"बाईसाहेब, थट्टा करू नका," जनरल कपाळ पुसत म्हणाले. "मी काहीही केलेलं नाही. धून ऐकली आणि सासूबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसलो. वाटलं, माझ्याच कुणा कर्नलने डाव साधला."

"मग?"

"मग एकेक कर्नल फोन करायला लागला. सातही जणांनी माझं अभिनंदन केलं! नाही म्हणावं तर मी भित्रा ठरतो, हो म्हणावं तर मला देश चालवावा लागतो. आधीच्या तिन्ही जनरलांचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. माझं मासे पाळायचं तळंसुद्धा खणून झालंय."

माउएनाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"जनरल, सगळ्यांना वाटतंय की लष्कर तुमच्या शब्दात आहे?"

"दुर्दैवाने."

"मग मला सरन्यायाधीशांकडे पोचवा. तुमचं तळं मी वाचवते."

जनरलच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की सेलोमला तोंड फिरवून हसू लपवावं लागलं.

पुढे जनरलची जीप आहे म्हटल्यावर एकाही चौकीने गाडी अडवली नाही. बारा वाजायला सतरा मिनिटं असताना बाईंनी शपथ घेतली. सातही कर्नलांनी सलाम ठोकले. प्रत्येकाला वाटत होतं, हे सगळं जनरलने आधीच ठरवलेलं होतं.

"पण धून लावली कुणी?" बाईंनी बाहेर पडताना विचारलं.

"रेडिओवर चौकशी केली," जनरल म्हणाले. "तिथली सगळी एकच सांगतात, वरिष्ठांनी लावायला सांगितली. कोण वरिष्ठ, ते कुणी बोलत नाही. आणि गंमत म्हणजे ती तबकडी रेडिओत नाहीच. अकरा वर्षांपूर्वी तसल्या सगळ्या तबकड्या फोडून टाकायचा हुकूम निघाला होता."

दुपारी बाई घरी आल्या, तेव्हा गल्लीतल्या बायका पातेली बडवत नाचत होत्या. कोपऱ्यावर केळी पुन्हा तळली जात होती. बाईंनी पायातल्या चपला भिरकावल्या आणि खळखळून हसल्या.

"अहो, आता मात्र कडकडून भूक लागलीय. सकाळचा पाव काढा."

"शिळा झाला असेल गं. मी केळी आणतो," सेलोम घाईने उठला.

"शिळा तर शिळा," म्हणत बाईंनी खिळ्यावरची पिशवी काढली आणि आत हात घातला. पावाचा कणही नव्हता. होती ती फक्त लष्करी बँडची एक काळी तबकडी, लख्ख पुसलेली.