उजेडाकडे

उपसरपंच बापूरावांनी बचत गटाच्या खोलीची वीज तोडायला लावली, तेव्हा आत काचेच्या बरण्यांमध्ये गटाने वाढवलेल्या माश्या नुकत्याच निघाल्या होत्या. मुंगीहून बारीक. पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालून बोंडअळीला जन्मायच्या आधीच संपवणाऱ्या.

खोली म्हणजे जुनं गोदाम, एकही खिडकी नाही. अंधार झाला तशा माश्या होत्या तिथेच थिजल्या. गटातल्या पौर्णिमाने मोबाइलचा टॉर्च लावला, तर सगळ्या काचेवरच्या त्या एका ठिपक्यावर जाऊन गोळा झाल्या. पतंगाची अंडी चिकटवलेल्या कार्डावर एकही फिरकेना.

"बरोबर उजेड नाई भेटला तर हे अंडे घालत नाई, मावशी. अन् जगते तरी किती! दोन-चार दिवस," ती गटप्रमुख कमलाबाईला म्हणाली.

कमलाबाईने दारातून बाहेर पाहिलं. पावसाची झड लागली होती. कपाशीवर पतंग दिसू लागले होते, आणि हीच खोली बापूरावांना त्यांच्या दुकानातल्या फवारणीच्या औषधांसाठी हवी होती.

"गावात या बरण्यांपुरता मोठा लाइट कुठी हाये?"

"पंचायतीत. मीटिंग चालू हाये तिथी."

कमलाबाईने पदर खोचला. "मंग चाल. उचल."

ताडपत्रीखाली बरण्या झाकून दोघी चिखलातून गेल्या आणि भरल्या सभेत, ट्यूबलाइटखालच्या टेबलावर, चहाच्या कपांच्या मधे त्या बरण्या मांडू लागल्या.

बापूराव ताडकन उठले. "हे काऊन आणलं इथी?"

"आम्ही नाई आणलं, भाऊ," कमलाबाई म्हणाली. "माश्याच त्या. अंधार केला का उजेड शोधत येते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मीटिंग खतम!" बापूराव भिंतीवरच्या बटनांकडे निघाले. "पाहू आता कुठी जाते तुमच्या माश्या."

खुर्चीत सरपंच सरिता बसली होती. बापूरावांची वहिनी. दीर बोट ठेवील तिथे सही करायची, एवढंच तिचं सरपंचपण गावाने पाहिलं होतं. आजवरच्या एकाही सभेत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली, "बटनाले हात लावू नका."

बापूराव वळले. "वहिनी, तुमाले काय समजते यातलं?"

"मीटिंग खतम झाली का नाई, ते सरपंच सांगते. बसा."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. बापूरावांचा हात बटनाजवळ थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली आला. बसायला मात्र ते तयार नव्हते.

सरिताने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढ्यातला कप तिने बाजूला सारला आणि पौर्णिमाच्या हातातल्या शेवटच्या बरणीला जागा केली.