अर्धी ट्यूब

सडाला हात लावताच तांबूनं पाय झाडला आणि भिमाबाईनं हात मागं घेतला. गायीची कास दगडासारखी टणक झाली होती. पिळलं की दुधाऐवजी गाठी येत होत्या.

"नवी ट्यूब सोडली सडात, पन कायच फरक नाय, डाक्टर. मागं याच औषदानं बरी झालेली."

पनवेलहून आलेल्या दिलीप डॉक्टरांनी कासेवरून अलगद हात फिरवला.

"दूध तपासून आलंय, मावशी. हे जंतू आता त्या औषधाला दाद देत नाहीत. मागच्या वेळी ट्यूब पूर्ण सोडली होतीत ना?"

भिमाबाई तांबूच्या पाठीवरून हात फिरवू लागली. पूर्ण कशाला सोडायची? अर्ध्या ट्यूबमध्येच सूज उतरली होती. उरलेलं फेकायला काय ती वेडी होती? कामोठ्याच्या त्या आळीत उरलेलं कुणी फेकत नसे. विरजण, कोलंबीचं कालवण, बाळंतिणीचे लाडू, सगळं वाटीतून शेजारी जायचं. शेजारच्या अरुणाच्या गायीची कासही तेव्हा अशीच सुजली होती. भिमाबाईनं उरलेली ट्यूब पदराखाली धरून तिच्या गोठ्यात पोचवली आणि दिवसभर स्वतःवरच खूश होऊन हिंडली.

"अर्दी तांबूला सोडली," ती अखेर म्हणाली, "अर्दी अरुनाच्या गायीला दिली."

डॉक्टर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अर्ध्या औषधानं सूज उतरते, मावशी, पण जंतू सगळे मरत नाहीत. जे वाचतात ते पुढच्या वेळी औषधाला पुरून उरतात. आणि ट्यूबच्या टोकाला लागून तेच दुसऱ्या गायीत जातात."

"म्हंजी मी तिला रोगच नेऊन दिला?"

डॉक्टरांनी पिशवीतून दुसरं औषध काढलं. "यानं तांबू वाचेल. तो एक सड मात्र गेला. सूज उतरली तरी हे औषध पूर्ण द्यायचं, थेंबही राखायचा नाही."

तांबू वाचेल हे ऐकूनही भिमाबाईचा जीव थाऱ्यावर येईना. नव्या शहरासाठी सरकारनं शेत घेतल्यापासून अरुणाचं घर त्या एका गायीवर, कळंबोलीतल्या रतिबावर चालत होतं. गप्प बसणं सोपं होतं. तिनं डोळे पुसले आणि डॉक्टरांना घेऊन ती तडक शेजारी गेली.

अरुणा दारातच गवत कापत बसली होती.

"अरुना, मी दिलेल्या औषदातनं तुज्या गायीला रोग लागला गो. मना पायजे तेवढ्या शिव्या दे, पन डाक्टरला आदी कास बगू दे."

अरुणाच्या हातातला विळा थांबला. 

"शिव्या कशाला देऊ, भिमाबाय?" ती हळूच म्हणाली. "तू दिलेली सगली मी एकटी कशी वापरीन? त्यातली निम्मी मी पलीकडच्या गोटीरामच्या म्हशीला दिली."