हातगुण

जेलमध्ये दहा खाचा होत्या. नऊ भरून झाल्या होत्या. दहावी रिकामी होती आणि सगळा वाद तिच्यावरूनच होता.

"दहावीत नुसतं द्रावण घाला," मागच्या बाकावरून शंकासुर म्हणाला. "प्रथिन नको. बाकी माझं काही मागणं नाही."

शंकासुर हे नाव त्याला इलेक्ट्रोफोरेसिस मंडळाने ठेवलं होतं. सभासद स्वतःला पट्टीमंडळ म्हणवत, कारण सगळ्यांचा जन्म पट्ट्या बघण्यात चाललेला. प्रथिनं द्रावणात मिसळून जेलच्या खाचांत भरायची आणि वीज सोडायची. लहान रेणू पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. मग जेल रंगवलं की जो जिथे थांबला तिथे त्याची पट्टी उमटते.

माशाच्या डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांच्या सगळ्यांना दोन पट्ट्या दिसत. आज खाचा भरणाऱ्या मुलीच्या आईला, म्हणजे मंडळाच्या बाईंना, मात्र तीन दिसल्या. तिसरी खाचेपासून एकोणीस मिलिमीटरवर. बावीस वर्षांपासून ती मंडळाच्या संग्रहात आईच्या नावाने होती. ज्यांना ती दिसत नसे, ते आईकडून द्रावण घेऊन जात आणि मग त्यांनाही दिसे. बाईंचा हातगुणच तसा, असं मंडळात कौतुकाने म्हणत. शंकासुराने मात्र कधी द्रावण मागून नेलं नाही. त्याला दोनच दिसत राहिल्या. म्हणून आज सर्वांसमोर प्रात्यक्षिक आणि त्यानंतर मतदान होतं. पट्टी ठेवायची की काढायची?

"द्रावणात आहे काय? मीठ, साबण आणि थोडा निळा रंग," आई म्हणाली. "त्याला पळवायचं कशाला? त्याला कुठे जायचंय?"

सभागृह हसलं. शंकासुरही हसला.

"फिरून येईल बिचारं. आणि लेकीला पट्टी पढवून आणलं नाहीत ना, बाई?"

"तिला पढवून बघा एकदा. मला जमलेलं नाही." आई लेकीकडे वळली. "घाल गं."

मुलीने पिपेट उचललं. समोरच्या घडवंचीवर दोन बाटल्या होत्या.

एक आईची, तपकिरी. बाकीच्या नऊ खाचांतली प्रथिनं हिच्यातल्याच द्रावणात मिसळलेली होती. ते आई स्वतः करी, उघड्या हातांनी. कागदाला चिकटलेली पूड करंगळीने झटकी, बाटलीच्या तोंडाशी राहिलेली अंगठ्याने आत लोटी. हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात, असं तिचं म्हणणं.

दुसरी मुलीची, नवी. मागच्या आठवड्यात आई तापाने घरी पडून होती आणि द्रावण संपलं होतं, तेव्हा मुलीने हातमोजे घालून नवं केलं. त्या दिवशी तिसरी पट्टी आली नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. आली नाही. मग तिने आपलं बोट त्यातल्या थेंबभर द्रावणात बुडवलं आणि तो थेंब जेलवर चालवला. माणसाच्या कातडीतही प्रथिन असतं. ते नेमकं एकोणीस मिलिमीटरवर जाऊन थांबलं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आई बरी होऊन परत आली, तिने तिचं द्रावण केलं, आणि पट्टीही परत आली. मुलीचा प्रबंध त्याच पट्टीवर होता. पाच प्रकरणं लिहून झाली होती.

आता दहाव्या खाचेत नवं द्रावण घातलं, तर ती रांग कोरी राहील. उरलेल्या नऊंत तिसरी पट्टी दिसेल. शंकासुराला कायमचं गप्प बसावं लागेल. आईचं नाव राहील, प्रबंधही राहील. कुणाला पत्ताही लागणार नाही.

तिचा हात नव्या बाटलीकडे गेला.

आई तिच्या खांद्याशीच उभी होती. तिने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. तारीख तापाच्या दिवसांतली होती. मग तिने लेकीच्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडे. बराच वेळ.

"माझी संपली का गं?"

"नाही, आई."

प्रयोगशाळेत आणि मंडळात 'बाई' म्हणायचं, आई फक्त घरी, असा दोघींचा नियम होता. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोडला.

"मग तीच घाल."

मुलीने तपकिरी बाटलीतलं द्रावण पिपेटमध्ये ओढलं. पिपेटचं टोक खाचेच्या कडेला दोनदा लागलं. तिसऱ्यांदा ते आत गेलं.

वीज सुरू झाली. निळी रेघ खाली उतरत गेली. सभागृहात चहा फिरला, कुणीतरी पैज लावली, शंकासुराने चष्मा पुसला. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसून होती. आई बसली नाही.

रेघ तळाशी पोचल्यावर जेल रंगवायची वेळ आली. हे काम आईचंच. चांदीच्या क्षाराने तिची बोटं दर वेळी काळी पडत आणि ती काळी बोटं ती मंडळात मिरवी. आज तिने खोक्यातून हातमोजे काढले. चढवायला वेळ लागला. सवय नव्हती.

आधी खालच्या दोन पट्ट्या उमटल्या. मग सावकाश, वर, तिसरी.

"आली!" पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं. "बाई, आली बघा!" टाळ्या पडल्या. शंकासुर जागचा हलला नाही. तो फक्त उजव्या कडेला बघत होता. तिथे दिव्याची तिरीप पडली होती आणि दहावी रांग कुणालाच नीट दिसत नव्हती.

मंडळाचा रिवाज असा, की खाचा ज्याने भरल्या त्यानेच मोजायचं. आईने स्टीलची मोजपट्टी मुलीच्या हातात दिली.

"दहावी वाच," ती म्हणाली. "मोठ्याने. मागे ऐकू गेलं पाहिजे."

मुलीने दिवा बाजूला सरकवला. मोजपट्टी खाचेला टेकवली. वाकून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"एक पट्टी," ती म्हणाली. "एकोणीस मिलिमीटर."