बुधवारचा डोंगर

"व्हरमाँट राहू दे," शैलेंद्र म्हणाला. "जायला पाच तास, यायला पाच तास. एका दिवसात स्की करणार कधी आणि घरी येणार कधी?"

जेवणाच्या टेबलावर त्याने प्रिंटआउट्स पसरले होते. व्हरमाँट बाद झाल्यावर दोनच डोंगर उरले, दोन्ही पेनसिल्व्हेनियात. ईगल रिज आणि पाइन हॉलो. वेस्ट विंडसरच्या घरून दोन्हीकडे पावणेदोन तासांत पोचता येत होतं, पण एकमेकांपासून ते तासाभराच्या अंतरावर होते.

"पाइन हॉलो बरं," वीणा म्हणाली. "तिथले उतार सौम्य आहेत."

"ईगल रिजलाही शिकाऊ लोकांसाठी वेगळा उतार आहे. आणि बुधवारी गर्दी नसते."

"शाळेची पोरं येतात तिथे बुधवारी. बसच्या बस भरून."

पंचावन्नाव्या वर्षी स्की शिकायची हुक्की यावी असा शैलेंद्रचा स्वभाव नव्हता. सत्तावीस वर्षं न्यू जर्सीत काढून त्याने बर्फाशी एकच संबंध ठेवला होता, तो म्हणजे फावड्याने ड्राइव्हवे मोकळा करण्याचा. सुट्ट्या उरल्यात, वाया जातील, असं त्याने वीणाला सांगितलं होतं. खरं कारण ईगल रिजवर होतं आणि त्याचं नाव देवांग.

दोन वर्षांपूर्वी, २००२च्या मार्चमध्ये, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने मेडिकल अर्धवट सोडलं. शब्दाने शब्द वाढत गेला. शैलेंद्रने त्याला दार दाखवलं आणि वर वीणाला बजावलं, या घरात पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. वीणाने खरंच काढलं नाही. सुरुवातीला शैलेंद्रला ते बरं वाटलं, मग टोचायला लागलं. पोराला एक फोन करा, असं ती एकदा जरी म्हणाली असती, तरी कुरकुरत का होईना त्याने केला असता. आपणहून करायचा तर आपलेच शब्द गिळायचे, आणि ते त्याला जन्मात जमलं नव्हतं.

मग जानेवारीत ऑफिसातला अनिल सहज बोलून गेला. "देवांग ईगल रिजला स्की शिकवतो ना? माझ्या मुलीला त्यानेच शिकवलं. काय पेशन्स आहे यार त्याला. वीकडेजना रोज असतो तिथे." शैलेंद्र नुसतं "हो, हो" म्हणाला. उरलेला दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही.

त्याने बेत केला. शिकायला आलेला माणूस म्हणून मुलासमोर जाऊन उभं राहायचं. शिकायला आलेल्याला कुणी हाकलत नाही. वीणाला मात्र आधी सांगायचं नाही. मुलाने तोंड फिरवलं तर तिने दोन दिवस आशेवर काढलेले नकोत.

पण एरवी आयसेलिनला कुठल्या देशी हॉटेलात जेवायचं हेसुद्धा त्याच्यावर सोडणारी वीणा या वेळी हटून बसली.

"पडायची भीती वाटते का?" त्याने विचारलं.

"पडायची नाही."

"मग कशाची?"

"कशाचीच नाही. मला पाइन हॉलो आवडलंय, इतकंच."

मंगळवारी संध्याकाळी त्याने हार मानल्यासारखं केलं. "बरं बाई, तुझं पाइन हॉलो."

वीणाचा चेहरा इतका खुलला की त्याला मनातून अपराधी वाटलं. ती लगेच तिखटमिठाच्या पुऱ्या करायला लागली. दोघांना चार दिवस पुरतील एवढा ढीग झाला.

"एवढ्या कुणाला?"

"थंडीत भूक लागते," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती त्याच्याआधी तयार होऊन कारमध्ये बसली. वाटेत चक्क गुणगुणत होती. ते ऐकून शैलेंद्रचा धीर खचत चालला होता. पण फाटा आला तेव्हा त्याने गाडी ईगल रिजच्या रस्त्याला वळवली.

"अहो, चुकलात. पाइन हॉलोचा एक्झिट पुढचा आहे."

"चुकलो नाही. एवढं एकदा माझं ऐक."

गुणगुणणं थांबलं. थोड्या वेळाने तिने पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली आणि मोबाइल घेऊन ती बाजूला जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. आपण तिला फसवून आणलं याचं त्याला फार वाईट वाटलं.

"कुणाला फोन करत होतीस?"

"लागत नाहीये. या डोंगरात सिग्नलच नाही." तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"पोचल्यावर सांग, वीणा. आता काही बोलू नकोस."

तो रागावला नव्हता. ती दोन शब्द बोलली तर आपण गाडी वळवून सरळ घर गाठू, अशी त्याला भीती वाटत होती.

ईगल रिजला खरोखरच तीन पिवळ्या बस उभ्या होत्या. आत काउंटरवर लाल जॅकेट घातलेली एक गोरी मुलगी हसतमुखाने उभी होती. शैलेंद्रने तिला आपलं नाव सांगितलं, अकराच्या क्लासचं बुकिंग आहे म्हणून सांगितलं. पुढचं वाक्य त्याने गाडीत शंभरदा मनात म्हटलं होतं. वीणाकडे न बघता, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्याने ते नाव उच्चारलं.

"आम्हाला देवांगकडेच शिकायचंय. आहे ना तो?"

वीणाने त्याची बाही घट्ट पकडली.

"ओह, सॉरी, देवांगने नेमकी आजच सुट्टी घेतलीय," मुलगी म्हणाली. "दोन वर्षांनी आज त्याला त्याचे वडील भेटणार आहेत. आईने ठरवलंय सगळं, म्हणाला, इथे कामावर सगळ्यांसमोर नको, म्हणून सकाळी सातलाच पाइन हॉलोला जाऊन थांबलाय."